डोक्याचं हाड विरघळलं, आता काय बसवायचं: सिमेंट, टायटॅनियम की पीक?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: भाऊ २६ वर्षांचा, दीड वर्षापूर्वी पुणे रोडवर सिन्नरजवळ बाईक घसरली, मेंदूला सूज आली म्हणून उजव्या बाजूचं मोठं हाड काढलं, ते पोटाच्या कातडीखाली जपून ठेवलं, तीन महिन्यांनी परत बसवलं. आता त्या बाजूला खड्डा पडायला लागलाय, सीटीत हाड विरघळत चाललेलं दिसतंय आणि डॉक्टर म्हणतात ते काढून कृत्रिम काहीतरी बसवू. तीन पर्याय दिलेत, बोन सिमेंट, टायटॅनियम आणि पीक (PEEK, एक कडक प्लास्टिक), आणि घरात असं चाललंय की सगळ्यात महाग ते सगळ्यात चांगलं, म्हणून द्राक्षबागेचा एक तुकडा विकून पीकच बसवू.

आधी शेवटच्या गोष्टीचं उत्तर देतो, बाग विकू नका. मी नाशकात न्यूरोसर्जरी करतो आणि हेच ऑपरेशन वर्षानुवर्षं करत आलोय, त्यामुळे हे मनापासून सांगतोय. भावाच्या केसमध्ये सिमेंट, टायटॅनियम आणि पीक तिन्ही चालू शकतात, आणि ऑपरेशन टिकणार की नाही हे जास्त करून वरच्या कातडीवर आणि आत इन्फेक्शन आहे का त्यावर ठरतं, खाली कुठलं सामान आहे त्यावर कमी. लोक उलटं करतात, सगळा पैसा आणि सगळी चर्चा सामानावर आणि कातडीकडे कोणी बघतच नाही.

आता पहिलं, हाड का विरघळलं. काढलेल्या हाडाला रक्तपुरवठा राहत नाही, पोटात ठेवा नाहीतर उणे ७०-८० अंशाच्या फ्रीजरमध्ये ठेवा, त्यातल्या पेशी बहुतेक मरतात. परत बसवल्यावर ते घर बांधताना लावतात त्या परांचीसारखं काम करतं, म्हणजे कडेच्या जिवंत हाडातून नवीन रक्तवाहिन्या आणि पेशी आत शिरतात, जुनं खातात आणि नवीन बनवतात. खाण्याचा वेग बनवण्यापेक्षा जास्त झाला की हाड पातळ होतं, भोकं पडतात, स्क्रू सैल होतात. लहान मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये हे जास्त होतं, हाडाचे तुकडे झालेले असतील तर जास्त, कडेला फट राहिली तर जास्त, हाड ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करून, बसवलं असेल तरी जास्त. ऑस्ट्रेलियात पर्थला स्वतःचं हाड विरुद्ध टायटॅनियम अशी ६४ पेशंटवर चिठ्ठ्या टाकून तुलना केली होती, २०१७ ला छापून आली, त्यात स्वतःचं हाड बसवलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाचं हाड वर्षभरात पूर्ण विरघळलं होतं. तरीही आम्ही पहिल्यांदा बहुतेकदा स्वतःचंच हाड बसवतो कारण ते त्याच आकाराचं असतं, जागेवर नीट बसतं आणि त्याला वेगळा पैसा लागत नाही. तर आधीच्या डॉक्टरांनी काही चुकीचं केलं असं धरून चालू नका.

पण एक गोष्ट आधी नक्की करून घ्या, हे नुसतं विरघळणं आहे की आत हळू चालणारं इन्फेक्शन आहे. दोन्ही सीटीत सारखे दिसू शकतात. टाक्याच्या रेषेवर कधी पाणी किंवा पू आला होता का, तिथली कातडी लाल किंवा गरम लागते का, अधूनमधून ताप येतो का, हे सगळं डॉक्टरांना सांगा, ईएसआर आणि सीआरपी या सूज-इन्फेक्शन दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या करून घ्या. इन्फेक्शन असेल तर जुनं हाड काढायचं, पूचं कल्चर पाठवायचं, त्याप्रमाणे अँटिबायोटिक द्यायचं आणि मग काही महिने थांबायचं, मी तरी सहा महिने धरून चालतो, आणि मगच नवीन काही बसवायचं. या थांबण्याला घरच्यांचा फार विरोध असतो, मला समजतं, हाडाशिवाय माणूस घरात आहे ही भीती मोठी असते, पण घाणीवर कितीही महागाचं सामान बसवलं तरी ते काढायची वेळ येते आणि दुसऱ्यांदा कातडी आणखी खराब झालेली असते.

आता कातडी. भावाची ती जागा दोनदा उघडलीये, ही तिसरी वेळ. प्रत्येक वेळी कातडी पातळ होते, जुन्या टाक्याच्या रेषेत रक्तपुरवठा कमी असतो, खाली चिकटलेली असते. कानाच्या पुढून वर जाणारी एक धमनी असते जी डोक्याच्या कातडीला बरंच रक्त देते, ती आधीच्या ऑपरेशनमध्ये शाबूत राहिली आहे का हे सर्जनने हाताने चाचपून किंवा डॉप्लर (रक्ताचा प्रवाह तपासायचं यंत्र) लावून बघायला पाहिजे. कातडी चिमटीत धरून बघा, सुटी सरकते का, की कागदासारखी पातळ, चकचकीत, केस गेलेली आहे. तशी असेल तर न्यूरोसर्जनबरोबर प्लास्टिक सर्जन ऑपरेशनलाच हजर असलेला बरा. आणि भाऊ तंबाखू, गुटखा किंवा सिगारेट घेत असेल तर आजपासून बंद, निदान ऑपरेशनच्या महिनाभर आधी आणि जखम पूर्ण भरेपर्यंत तरी बंदच, कारण निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेची कड काळी पडते. शुगर तपासून घ्या, या वयातही घ्या. हे सगळं फुकटातलं आहे आणि सामान बदलण्यापेक्षा यानेच जास्त फरक पडतो.

बरं, आता सामान. कवटीचं भोक बुजवायचा माणसाचा खटाटोप फार जुना आहे, १६६८ ची एक नोंद आहे, योब फान मेकरेन नावाच्या डच सर्जनने लिहिलेली, की एका रशियन सरदाराच्या कवटीत कुत्र्याचं हाड बसवलं होतं, चर्चला ते पटलं नाही म्हणून सरदार ते काढून घ्यायला परत आला तर हाड इतकं जुळलं होतं की निघेना. नंतर सेल्युलॉइड झालं, ॲल्युमिनियम झालं, दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना टँटलम नावाच्या धातूच्या पट्ट्या बसवल्या. १९४० च्या दशकात आलेलं ॲक्रिलिक मात्र आजही वापरात आहे आणि तुमच्या यादीतलं बोन सिमेंट म्हणजे तेच, पीएमएमए, दातांची कवळी बनवतात त्याच जातीचं.

सिमेंटला घरचे लोक नाकं मुरडतात कारण ते स्वस्त, काही हजारांत काम होतं. पण सिमेंट बसवायच्या दोन पद्धती आहेत आणि दोघींत फार फरक आहे. एक म्हणजे टेबलवर पावडर आणि लिक्विड मिसळायचं, कणकेसारखं झालं की हातानेच खड्ड्यावर आकार द्यायचा. घट्ट होताना ते तापतं, ७० अंशांच्या वर जाऊ शकतं, म्हणून थंड सलाईन सतत सोडावं लागतं किंवा बाहेर काढून थंड करून परत बसवावं लागतं, शिवाय हाताला जेवढे मिनिटं मिळतात तेवढ्यात जमेल तो आकार. तळहातापेक्षा लहान भोकाला हे छान चालतं. पण भावासारखं अर्धं डोकं व्यापणारं भोक असेल तर कपाळाची आणि कानशिलाची गोलाई हाताने साधणं अवघड, नंतर आरशात फरक दिसतो. दुसरी पद्धत म्हणजे सीटीवरून कॉम्प्युटरमध्ये दुसऱ्या बाजूची आरशातली प्रतिमा घेऊन थ्रीडी प्रिंटरवर साचा काढायचा आणि त्या साच्यात सिमेंट ओतून आधीच तुकडा तयार करायचा, किंवा डेंटल कॉलेजच्या प्रोस्थोडॉन्टिक्स (कवळ्या बनवणाऱ्या) विभागाकडून हीट क्युअर, म्हणजे उष्णता देऊन घट्ट केलेल्या, ॲक्रिलिकचा करून घ्यायचा. हा तुकडा मेंदूवर तापत नाही, न मिसळलेलं लिक्विड त्यात फार कमी उरतं, आकार बरोबर येतो आणि खर्च तरीही पीकच्या जवळपासही जात नाही. नाशकात डेंटल कॉलेजं आहेत, थ्रीडी प्रिंटिंग करणारे आहेत, तुमच्या सर्जनला सरळ विचारा की साच्यातलं करता येईल का. काही ठिकाणी हा पर्याय कोटेशनमध्ये येतच नाही आणि मला वाटतं तो यायला पाहिजे.

सिमेंटचे तोटेही सांगतो. ते हाडाशी एकजीव होत नाही, आयुष्यभर परकंच राहतं, इन्फेक्शन झालं तर काढावंच लागतं, आणि जोरात मार बसला तर तडकू शकतं, म्हणून मोठ्या भोकाला काही सर्जन आत टायटॅनियमची जाळी घालून मजबूत करतात. आणि त्याला भोकं पाडून घेतलेली असली पाहिजेत, म्हणजे खाली साचलेलं रक्त-पाणी निघतं आणि मेंदूचं आवरण टाक्याने वर ओढून त्याला बांधता येतं, ही भोकं नसतील तर खाली गोळा होऊन परत उघडायची वेळ येते.

टायटॅनियम. पातळ, हलकं, मजबूत, शरीर त्याला सहसा विरोध करत नाही, एमआरआय करता येतो (थोडी सावली येते पण मशीन ओढत वगैरे नाही, तरी तिथे आधी सांगायचं). यातही दोन प्रकार. सपाट जाळी आणून टेबलवर कात्रीने कापून हाताने वाकवायची, किंवा सीटीवरून आधीच आकार देऊन आणायची. मोठ्या भोकाला हाताने वाकवलेली जाळी मला पटत नाही, कापलेल्या कडा टोकदार राहतात आणि वर्षा-दोन वर्षांनी, कधी पाच वर्षांनी, नेमकं त्या टोकावरची कातडी पातळ होऊन धातू बाहेर दिसायला लागतो. टायटॅनियमचा खरा धोका हाच आहे, ते तुटत नाही, विरघळत नाही, पण पातळ कातडीतून बाहेर येतं. ज्यांची कातडी जाड आणि सुटी आहे त्यांना सहसा त्रास नाही. कातडी ओढून ताणून बंद करावी लागत असेल तर प्लेट मुद्दाम थोडी चपटी डिझाइन करून घेता येते, गोलाई किंचित कमी दिसेल पण वरची कातडी ताणाखाली राहणार नाही, आणि मी दिसण्यापेक्षा हे निवडेन.

दुसरं एक पेशंट नेहमी सांगतात, ऊन आणि थंडी तिथे जाणवते. धातूच तो. तुमचं घर बागायतदाराचं, भाऊ बरा झाल्यावर बागेत जाणारच, आणि आपल्याकडे निफाड भागात थंडीत पारा चार-पाचच्या खाली जातो तेव्हा पहाटे बागेत शेकोट्या पेटवायला उठावं लागतं. अशा वेळी कानटोपी, आणि एप्रिल-मेमध्ये टोपी किंवा उपरणं, एवढं केलं की चालतं, यासाठी टायटॅनियम नाकारायचं कारण नाही. मांडवाच्या तारांखाली वाकून काम करताना डोकं आपटतं ते मात्र जपावं लागेल, कुठलंही सामान असो.

पीक. पूर्ण नाव पॉलिइथरइथरकिटोन, एक कडक प्लास्टिक, सीटीवरून मापाने करून येतं. याचे गुण खरे आहेत. आकार अप्रतिम बसतो, ऊन-थंडी जाणवत नाही, सीटी-एमआरआयमध्ये सावली येत नाही, ऑटोक्लेव्ह होतं आणि टेबलवर कडा थोडी जास्त वाटली तर ड्रिलने घासता येते. विकणारे लोक एक मुद्दा हमखास सांगतात की याची लवचिकता हाडासारखी आहे आणि टायटॅनियम फार ताठ आहे. ते खरं आहे, पण तो मुद्दा खुब्यात किंवा मणक्यात महत्त्वाचा जिथे हाडावर वजन पडतं, कवटीवर तसं वजन पडत नाही, त्यामुळे त्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. पीकसुद्धा हाडाशी जुळत नाही, त्याच्याखालीही पाणी साचतं, त्यालाही इन्फेक्शन होतं. जगभरचे अभ्यास एकत्र करून बघितले तर पीकला टायटॅनियमपेक्षा इन्फेक्शन ठळकपणे कमी होतं असं सातत्याने काही दिसत नाही. मी पीक कोणाला सुचवतो, तर ज्यांची मेंदूची गाठ काढलीये आणि पुढे रेडिएशन आणि वरचेवर एमआरआय लागणार आहेत त्यांना, कारण तिथे धातूची अडचण होते, किंवा कपाळ आणि डोळ्याच्या खोबणीची कड मिळून गुंतागुंतीचा आकार करायचा असेल तेव्हा, आणि अर्थातच ज्यांना सहज परवडतं त्यांना. तुमच्या भावाच्या बाबतीत यातलं काही नाही.

हायड्रॉक्सीअपॅटाइट म्हणून आणखी एक असतं, हाडातल्या खनिजासारखंच, कडेने हाड त्याला जुळतं, पण ठिसूळ, छोट्या भोकाला चांगलं. हे वाचणाऱ्या ज्यांच्याकडे लहान मूल आहे त्यांच्यासाठी सांगतो, मुलांचा हिशोब वेगळा असतो, कवटीची बहुतेक वाढ पहिल्या पाच-सहा वर्षांत होते, तिथे शक्यतो स्वतःचंच हाड, किंवा थोडं मोठं मूल असेल तर शेजारच्या कवटीचे दोन पापुद्रे वेगळे करून त्यातला एक वापरतात. मोठ्यांचा सल्ला मुलांना लावू नका. आणि भोक कपाळात असेल, हवेच्या पोकळीला लागून, तर आधी ती पोकळी नीट बंद केल्याशिवाय काहीही बसवू नये, नाकातले जंतू तिथून थेट येतात.

तर भावासाठी मी काय करेन. फाईल आणि सीटी न बघता जेवढं सांगता येतं तेवढं सांगतो. इन्फेक्शन नाही हे पक्कं झालं आणि कातडी चांगली असली तर सीटीवरून मापाने केलेली टायटॅनियम प्लेट. पैशाची ओढ असेल तर साच्यातला पीएमएमए, आणि तो घेताना कमीपणा वाटून घेऊ नका, चांगला बसवला तर माणूस त्यावर आयुष्य काढतो. कातडी खराब असेल तर आधी कातडीचा बंदोबस्त, सामान नंतर. एक मात्र आधीच सांगून ठेवतो, कानशिलाजवळ स्नायू आक्रसलेला असतो, तो आता भरून येत नाही, त्यामुळे हाड कितीही बरोबर बसलं तरी तिथे थोडा खोलगटपणा राहू शकतो. डिझाइन करतानाच तिथे थोडी जाडी वाढवून घेता येते, पण हे आधी बोलावं लागतं.

सर्जनकडे जाताना सीटीच्या फिल्म नाही, सीडी किंवा पेन ड्राइव्ह घेऊन जा, डिझाइनला एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ कापांचा पूर्ण डोक्याचा सीटी लागतो, तोही ताजा, कारण हाड अजून विरघळत असेल तर जुन्या सीटीवर केलेली प्लेट बसत नाही. मापाची प्लेट यायला दोन-तीन आठवडे धरा. त्यांना हे विचारा: कडेचं किती हाड काढावं लागेल, प्लेटची कड त्याप्रमाणे धरलीये का, खालचं आवरण टाक्यांनी वर बांधणार का, ड्रेन (साचलेलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी) ठेवणार का, डोक्यात पाणी वाढलंय का आणि शंट (ते जास्तीचं पाणी मेंदूतून काढून देणारी नळी) लागेल का. शंटवाल्या पेशंटमध्ये मेंदू खाली खेचलेला असतो आणि प्लेटखाली पोकळी राहते, तिथे आधी शंटचं प्रेशर बघावं लागतं. आणि इम्प्लांटचा स्टिकर, ज्यावर कंपनी आणि लॉट नंबर असतो, तो डिस्चार्ज फाईलमध्ये चिकटवून मागून घ्या, उद्या काढायची किंवा एमआरआयची वेळ आली तर तोच कामाला येतो.

खर्चाचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुमच्या हॉस्पिटलमध्ये योजना असेल तर कोटेशनवर सही करायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटा आणि दोन वेगळे प्रश्न विचारा, हे ऑपरेशन पॅकेजमध्ये आहे का, आणि इम्प्लांटचा खर्च त्यातच धरलाय की वेगळा. नंतर विचारून उपयोग होत नाही, मंजुरी आधी लागते. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतंय का तेही बघून ठेवा, याच्यावर फाईली अडकतात. योजनेत बसलं नाही तर मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज असतो.

फिटच्या गोळ्या चालू असतील तर ऑपरेशनच्या आधी किंवा नंतर स्वतःहून बंद करू नका, या ऑपरेशननंतर फिट येण्याचा धोका असतो. घरी आल्यावर पहिल्या काही दिवसांत डोकं एकदम जास्त दुखायला लागलं, उलट्या, गुंगी, किंवा टाक्याखाली फुगवटा वाढत गेला तर रात्र बघू नका, तसेच घेऊन या. आणि पुढे वर्षांनी जरी प्लेटवर केस जाऊन कातडी चमकायला लागली, फुटकुळी आली किंवा टाचणीएवढं छिद्र पडून पाणी यायला लागलं तर मेडिकलमधून मलम आणून लावत बसू नका. त्या वेळी आठवड्याभरात आलात तर कधीकधी नुसती कातडी फिरवून प्लेट वाचवता येते, दोन महिन्यांनी आलात तर प्लेट काढावीच लागते. सीआरपीचा रिपोर्ट आणि कातडीचा जवळून काढलेला फोटो तुमच्या सर्जनला आधी दाखवा, तोपर्यंत कुठल्याच कोटेशनला होकार देऊ नका.